बॉनेटवरचं नाव वाचून जुना ट्रॅक्टर कळत नाही

१९५५ ते १९७५ या काळातल्या मध्यम आकाराच्या डिझेल ट्रॅक्टरांबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, दावे तेच राहतात. मॅसी फर्ग्युसन कंपनीला तोड नाही, बाकीच्यांनी तिची नक्कल केली. चार सिलिंडर तीनला केव्हाही भारी. एचपी सारखा असला की काम सारखं. त्या गाड्यांत बिघडण्यासारखं काही नव्हतंच. आणि शेवटी, जुनं लोखंड जड, म्हणून सुरक्षित.

मी ही यंत्रं उघडतो, बांधतो आणि चालवतो. त्यांच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच हा मजकूर वाचून कोणी जुना ट्रॅक्टर निवडतो, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

पहिला दावा कंपनीचा. तो मांडणारा माणूस गृहीत धरतो की एका नावाखाली एकच यंत्र असतं. मॅसी फर्ग्युसन ३५ चंच बघा. १९५६ मध्ये हे मॉडेल फर्ग्युसनच्या नावाने आलं, तेव्हा त्याच्या डिझेल आवृत्तीत स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं २३ सी इंजिन होतं. थंडीत ते चालू करणं म्हणजे बॅटरीची परीक्षा. १९५९ पासून त्याच ३५ मध्ये पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसू लागलं आणि गाडीचं रूपच पालटलं. आज दोन माणसं ‘३५ कसा आहे’ यावर तावातावाने भांडतात, तेव्हा अनेकदा ती दोन वेगळ्या इंजिनांबद्दल बोलत असतात आणि दोघंही खरं सांगत असतात.

नकलेचंही तसंच. फोर्डच्या १९५७ मधल्या फोर्डसन डेक्स्टाचं तीन सिलिंडरचं इंजिन पर्किन्सच्या रचनेवर बेतलेलं होतं. पुढे १९५९ मध्ये पर्किन्स कंपनी मॅसी फर्ग्युसननेच विकत घेतली. म्हणजे फोर्डच्या निळ्या बॉनेटखाली आणि मॅसीच्या लाल बॉनेटखाली एकाच घराण्याची इंजिनं. यात नक्कल कोणी कुणाची केली? अवजार ट्रॅक्टरला मागे तीन जागी धरणारी तीन बिंदूंची जोडणी आणि अवजाराची ओढ ओळखून ते उचलणारी हायड्रॉलिक ही हॅरी फर्ग्युसनची देणगी, याबद्दल दुमत नाही. १९३९ च्या फोर्ड ९ एन मध्ये ती फोर्डबरोबरच्या करारातून आली, पुढे संबंध तुटले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९५२ मध्ये फोर्डने ९२.५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पण १९६० नंतर प्रत्येकाने त्या कल्पनेचं स्वतःचं काहीतरी केलं. ते पुढे येईलच.

दुसरा दावा सिलिंडरचा. सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत लवकर मोडणारा. डेक्स्टाला तीन सिलिंडर, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या बी-२७५ ला चार. दोन्हींची क्षमता १४४ घन इंच, म्हणजे जेमतेम २.४ लिटर. आत मावणारी हवा तेवढीच, मग चौथा सिलिंडर ताकद आणणार कुठून? तेवढ्याच जागेचे तीनऐवजी चार भाग केले, इतकंच.

पर्किन्सची नावं तर उत्तर छातीवर घेऊन फिरतात. मॅसी १३५ मधलं एडी ३.१५२ म्हणजे तीन सिलिंडर, १५२ घन इंच. १६५ मधलं एडी ४.२०३ म्हणजे चार सिलिंडर, २०३ घन इंच. इथे चारवालं मोठं आहे हे खरं, पण ते घन इंचांमुळे. फोर्डने तर उलटंच करून दाखवलं. १९६२ च्या ४००० ला चार सिलिंडर आणि १७२ घन इंच. १९६५ पासूनच्या ४००० डिझेलला तीन सिलिंडर आणि २०१ घन इंच. मॉडेलचा आकडा तोच, एक सिलिंडर कमी, इंजिन मोठं.

फरक असतो तो वेगळ्या ठिकाणी. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना स्फोट होतो, तीनमध्ये दर २४० अंशांना, म्हणून तीनचा आवाज तुटक लागतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, यांचं नातंही बघायला हवं. ३.१५२ चा बोअर ३.६ इंच आणि स्ट्रोक ५ इंच, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन. फोर्ड ३००० च्या डिझेलला दोन्ही ४.२ इंच. दोन्ही तीन सिलिंडरची, दोन्ही एकाच वर्गातली, पण स्वभाव निराळा. इंजिन बांधताना आणखी एक गोष्ट समोर येते. पर्किन्सच्या या इंजिनात कोरडे लायनर, म्हणजे पाण्याला न लागणाऱ्या वेगळ्या नळ्या, ब्लॉकमध्ये दाबून बसवलेले असतात, तर फोर्डच्या तीन सिलिंडरमध्ये बोअर थेट ब्लॉकमध्येच कोरलेला असतो. तो झिजला की मोठ्या मापाचा पिस्टन घाला किंवा ब्लॉकला स्लीव्ह, म्हणजे तशीच नळी, बसवा. डेव्हिड ब्राऊन कंपनीच्या ट्रॅक्टरांत ओले लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी खेळणारे. ते बदलायला सोपे, पण खालच्या सीलमधून पाणी ऑइलमध्ये उतरतंय का, हे आधी तपासायला हवं. खरी तुलना इथे सुरू होते आणि नेमकं यातलं काहीच त्या मजकुरात नसतं.

एचपीचा दावा जास्त फसवा आहे, कारण तो आकड्यात असतो. आधी विचारायला हवं, कुठला एचपी? जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा इंजिनचा असतो. मॅसी १३५ डिझेल ४५ एचपीची म्हणून ओळखली जाते, पण अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या चाचणीत तिच्या पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, मोजली गेलेली ताकद ३८ च्या जवळ होती आणि ओढदांड्यावर, म्हणजे मागे ओझं जोडायच्या दांड्यावर, त्याहून कमी. यात फसवणूक नाही, मोजायच्या जागा वेगळ्या आहेत. पण एका कंपनीचा इंजिन एचपी आणि दुसरीचा पीटीओ एचपी शेजारी ठेवून निकाल लावला, तर तो चुकणारच. नेब्रास्कात १९२० पासून स्वतंत्र चाचण्या होत आल्या आहेत, त्या असल्या गोंधळावर उपाय म्हणूनच. तुलना करायची तर एकाच पद्धतीने मोजलेला आकडा घ्यावा.

पण तोही सारखा निघाला, तरी काम सारखं होत नाही. ओढ किलोत आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला २७० ने भागलं की ओढदांड्यावरचा एचपी मिळतो. १२०० किलो ओढ ताशी ४ किलोमीटरने ओढली तर १७.८ एचपी. ८०० किलो ताशी ६ ने ओढली, तरी १७.८ च. पहिल्या कामाला मागच्या चाकांवर वजन लागतं, दुसऱ्याला बरोबर वेगाचा गिअर. हलक्या ट्रॅक्टरला पहिलं काम दिलं की चाकं जागेवर फिरतात, आणि इंजिनमध्ये उरलेली ताकद टायर झिजवण्यात जाते.

हायड्रॉलिकचं महत्त्व इथेच आहे, आणि या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. नांगर लावून सीटवर मागे वळून बसा आणि टॉप लिंकच्या, म्हणजे तीन बिंदूंच्या जोडणीतल्या वरच्या दांड्याच्या, मुळाशी असलेल्या स्प्रिंगकडे बघत राहा. फाळ कडक पट्ट्यात शिरला की नांगर वरच्या बाजूने पुढे ढकलतो, टॉप लिंक दाबली जाते, स्प्रिंग आखडते. त्या बोटभर हालचालीने आतला व्हॉल्व्ह सरकतो आणि लिफ्ट नांगर किंचित उचलते. उचलताना नांगराचा आणि त्यावरच्या मातीचा भार मागच्या चाकांवर येतो. चाकं पकड घेतात, पट्टा पार होतो, स्प्रिंग सैल पडते, नांगर पुन्हा खाली बसतो. हे सगळं चालकाने लिव्हरला हात न लावता. स्प्रिंग गंजून बसली असेल किंवा तिच्यात ढिलाई असेल, तर हाच ट्रॅक्टर नांगरटीच्या मधोमध अडतो आणि मालक म्हणतो, ‘हिच्यात दम नाही.’ दम असतो, तो चाकांपर्यंत पोचत नसतो.

आता कंपन्या शेजारी ठेवा. मॅसी १३५ चा लिफ्ट पंप मागच्या हाऊसिंगच्या तेलात बुडालेला असतो आणि त्याचा व्हॉल्व्ह तेल आत येण्याच्या बाजूलाच अडवतो. रचना साधी आणि टिकाऊ, पण गिअरचं तेच तेल पंपाचंही असल्यामुळे तेलात पाणी किंवा कचरा गेला की भोगावं दोघांना लागतं. डेव्हिड ब्राऊनने १९६५ मध्ये सिलेक्टामॅटिक आणलं. एका चकतीने उंची, खोली, चाकांवर भार किंवा बाहेरचं हायड्रॉलिक यांतलं हवं ते काम निवडायचं. चालकाचं डोकं वाचवणारी ही मला फार आवडणारी रचना आहे. जॉन डियरने १९६० च्या नव्या मालिकेपासून बंद केंद्राची पद्धत धरली. क्रँकच्या पुढच्या टोकाला बसवलेला पंप दाब कायम तयार ठेवतो आणि तेल लागेल तेवढंच देतो. लिफ्ट, स्टिअरिंग, ब्रेक सगळं त्याच दाबावर. प्रतिसाद लगेच मिळतो, पण पंप थकला की तिन्ही एकदम थकतात. यांना ‘सारखे’ म्हणायचं तर मग वेगळं कशाला म्हणायचं?

‘बिघडण्यासारखं काही नव्हतं’ या दाव्याला इतिहासच उत्तर देतो. फोर्डचं सिलेक्ट-ओ-स्पीड १९५९ मध्ये आलं. क्लच न दाबता बदलणारे दहा पुढचे गिअर, कल्पना काळाच्या पुढची, पण सुरुवातीच्या गिअरबॉक्सांनी मालकांना रडवलं. जॉन डियर १०१० आणि २०१० मध्ये सिलिंडरच्या स्लीव्ह वरच्या एका प्लेटला जोडलेल्या होत्या. त्या रचनेत गळती होई, आणि १९६५ मध्ये आलेल्या १०२० व २०२० साठी कंपनीने ती सोडून दिली.

आणि डिझेल पंप! त्यात वायर नाही, चिप नाही, म्हणून तो अमर असं लोक समजतात. सीएव्ही कंपनीचा डीपीए हा फिरता पंप आतून वंगणासाठी डिझेलवरच अवलंबून असतो. काही मॉडेलांवर येणारा सिम्सचा सरळ रांगेतला पंप स्वतःचं वेगळं ऑइल ठेवतो, आणि ते बदलायचं असतं हे अनेकांना ठाऊकच नसतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या एका ट्रॅक्टरचा फिरता पंप मी उघडला होता. टाकीत साचलेलं पाणी फिल्टर ओलांडून आत गेलेलं. रोटरवर नखाएवढा गंजाचा डाग, बस्स. तेवढ्याने तो असा धरला होता की आतला शाफ्टच तुटला. बाकी इंजिन ठणठणीत.

आता जो मुद्दा तो मजकूर अजिबात सांगत नाही, तो सांगतो. मॅसीच्या मल्टी-पॉवरमध्ये, म्हणजे प्रत्येक गिअरला दोन वेग देणाऱ्या जोडात, वरचा वेग (हाय) तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचने लागतो, पण खालचा वेग (लो) एकाच दिशेने पकड घेणाऱ्या जोडणीतून जातो. म्हणून लो मध्ये उतारावर इंजिन गाडीला रोखत नाही, गाडी मोकळी धावते. इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवली तरी ती उतारावर पुढे सरकू शकते. इंटरनॅशनलच्या १९५४ पासूनच्या जुन्या टॉर्क अॅम्प्लिफायर या तशाच जोडाचंही लो मध्ये असंच होतं. साध्या गिअरबॉक्सवर हात बसलेला चालक भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना सवयीने लो टाकतो आणि त्याच क्षणी इंजिनचा ब्रेक गमावतो. उताराच्या आधीच हाय लावा, थांबल्यावर हँडब्रेक आणि चाकाला दगड. दोन मॉडेलांची तुलना करणाऱ्याने हा फरक पहिल्या ओळीत लिहायला हवा, कारण इथे चूक माणसाच्या जिवावर बेतते.

तोच धागा शेवटच्या दाव्याला लागतो. जड लोखंड उलटत नाही, हे सरळ खोटं आहे. आणि इथे लाल, निळा, हिरवा असा कोणत्याच कंपनीच्या रंगाचा फरक नाही. ओढ मागच्या आसाच्या वर जोडली, म्हणजे साखळी टॉप लिंकच्या जागी अडकवून खोड किंवा रुतलेली गाडी ओढायला गेलं, की चाकं अडतात आणि ट्रॅक्टर स्वतःच त्या आसाभोवती वर उचलला जातो. पुढचं चाक जमिनीवरून सुटल्याचं कळून क्लच दाबेपर्यंत वेळ उरतोच असं नाही. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट सक्तीची केली, ब्रिटनने १९७० मध्ये. त्याआधीचे बहुतेक ट्रॅक्टर उघडेच आहेत. ओढायचं ते खालच्या ओढदांड्यालाच जोडा. त्या मॉडेलसाठी चाचणी झालेली चौकट मिळत असेल, तर इंजिन बांधायच्या आधी ती बसवा. चौकट असेल तर सीटबेल्ट लावा आणि नसेल तर बेल्ट बांधू नका, कारण उलटताना तो तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवेल.