मामाची चुकुडू

आज जेवताना एक पाहुणे सहज म्हणाले, "आफ्रिकेत काय, ते लोक आपापसांत मारामाऱ्या करतच असतात." टीव्हीवर काँगोची बातमी लागली होती, जेमतेम अर्ध्या मिनिटाची. मामा काही बोलला नाही. पानात शीतही न टाकणारा माझा मामा अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला.

मामा साताऱ्याचा, फौजेतला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोतल्या गोमा शहरात होता. येताना त्यानं एक चुकुडू आणली. तिकडे कोळशाची, बटाट्याची पोती वाहायला लाकडी दुचाकी असते, तिला चुकुडू म्हणतात. मामाची वीतभर, खेळण्यातली. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं तासून केलेली. त्यानं पैसे मागितले नाहीत, पाण्याचा रिकामा कॅन मागितला.

आपापसांत म्हणे! १८८५ ते १९०८ अख्खा काँगो बेल्जियमच्या राजाची, दुसऱ्या लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होता. त्यानं तिथं कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. रबर कमी भरलं की माणसं मारायची, आणि गोळी वाया गेली नाही हे दाखवायला हात कापून आणायचे. १९०४चा एक फोटो आहे. एक बाप बसलाय, समोर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा कापलेला हात आणि पाय. हे कुणी आपापसांत केलं हो?

१९६०ला देश स्वतंत्र झाला, लुमुंबा पंतप्रधान झाले. १७ जानेवारी १९६१ला त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा बेल्जियन अधिकारी तिथं हजर होते. प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं. सोन्यानं मढवलेला एक दात तेवढा एका बेल्जियन पोलिसानं घरी नेऊन ठेवला. तो घरच्यांना मिळाला २०२२ मध्ये. ६१ वर्षांनी!

हो, नंतरच्या हुकूमशहानं, मोबुटूनं, ३२ वर्षं स्वतःचाच देश लुटला, मान्य. पण त्याला पोसलं कुणी? शांतिसेनेलाही एम२३ या बंडखोरांपासून गोमा वाचवता आलं नाही, २०१२ला नाही आणि जानेवारी २०२५लाही नाही. हे मामाच सगळ्यात आधी कबूल करतो.

याच बंडखोरांनी पूर्व काँगोतल्या रुबायाच्या खाणी २०२४लाच घेतल्या होत्या. जगातलं सुमारे १५ टक्के कोल्टान हे खनिज तिथून निघतं. त्यातला टँटलम हा धातू फोनच्या सर्किटमध्ये जातो. बंडखोरांच्या पाठीशी शेजारचा रवांडा आहे, हे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात, रवांडा नाकारत आलाय. माल मात्र जातोच आहे. पाहुण्यांचा नवा फोन ताटाशेजारीच होता. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. घरी आलेल्या माणसाचा मान म्हणून गप्प बसले, आणि मामा उपाशी उठला.

आत्ता त्याच्या खोलीत डोकावून आले. चुकुडूचं पुढचं चाक निखळलंय, ते फेविकॉल लावून दाबून धरून बसलाय. गोमा पडलं तेव्हापासून तिथला कुठलाही व्हिडिओ आला की तो मध्येच थांबवतो आणि गर्दीतले चेहरे बघतो. तो पोरगा आता तिशीकडे आला असेल. असला तर.

भाकरी परत गरम करून ठेवलीय. म्हणाला, चाक सुकू दे, मग येतो.