शंभर किलो उतरवा, पण कुठून?

गेले दोन महिने सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत गाडीवेड्या पोरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘गाडीतून शंभर किलो उतरवा, फुकटात पॉवर मिळवा. मागची सीट, स्टेपनी, एसी, दारांतले बीम, एअरबॅग, एबीएस, सगळं काढा. रेसच्या गाडीत यातलं काहीच नसतं. शिवाय हलकी गाडी लवकर थांबते, म्हणजे ती जास्त सुरक्षित.’ तो वाचून तिघं जण माझ्या कुडाळच्या गॅरेजात ग्राइंडर मागायला आले, म्हणून हा खटाटोप.

खरं आहे ते आधी कबूल करतो. 880 किलोची गाडी 800 वर आणली, तर वजनाच्या हिशेबात इंजिन दहा टक्के ताकदवान झाल्यासारखं वागतं. वळणावर टायरला कमी ओढावं लागतं, ब्रेक कमी तापतात. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर सलग लॅप मारले की हा फरक पायाला कळतो. मागची सीट, गालिचा, जॅक, स्टेपनी हे ट्रॅकवर ओझंच आहे. तिथे माझं भांडण नाही.

‘हलकी गाडी लवकर थांबते’ हे मात्र अर्धवट आहे. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी किती मीटरात थांबेल हे टायरच्या पकडीवर ठरतं. वजन घटलं की थांबवायचा भार घटतो, तशी टायरवर दाबणारी ताकदही घटते. दोन्ही जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. ताशी 100 किलोमीटरवरून, कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांनी गाडी 44 मीटरांच्या आसपास थांबते. 880 असो की 800, फरक अगदी किरकोळ. धडकेची ऊर्जा वजनाबरोबर नऊ टक्के कमी होते हे खरं, पण वेग 100 चा 105 झाला की ती सगळी परत येते. आणि गाडी हलकी करतो कशासाठी? जोरात पळवायलाच ना!

आता मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात न आलेली गोष्ट. आपल्या छोट्या गाड्यांचं इंजिन पुढे, ओढही पुढच्या चाकांना. सीट आणि स्टेपनी मागून काढली की शेपूट हलकं होतं. ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक व्हायला बघतात आणि गाडी गरकन फिरते. हे सांभाळतं कोण, तर एबीएसचा, म्हणजे ब्रेकखाली चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, डबा. मागच्या चाकांना किती दाब द्यायचा हे नव्या गाड्यांत बहुधा तोच ठरवतो. त्यासाठी जुना यांत्रिक व्हॉल्व्ह वेगळा ठेवलेलाच नसतो. म्हणजे शेपूट हलकं करायचं आणि शेपटाचा राखणदारही हाकलायचा! काही किलोंसाठी. ‘रेसच्या गाडीत नसतं’ म्हणाल, तर जीटी3 वर्गातल्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या, रेसच्या गाड्या एबीएस लावूनच शर्यती मारतात. फॉर्म्युला वनमध्ये 1994 पासून त्यावर बंदी आहे, पण ती ड्रायव्हरला मदत होऊ नये म्हणून. वजनाचा तिथे संबंध नाही.

एअरबॅगचा मुद्दा असाच अर्धा. रेसच्या गाडीत ती नसते, कारण तिच्या जागी सहा पट्ट्यांचा हार्नेस, खोल सीट, रोल केज (गाडी उलटली तरी छत चेपू न देणारा पोलादी पाईपांचा पिंजरा), हेल्मेट आणि मानेला धरणारं हॅन्स असतं. फॉर्म्युला वनने 2003 साली हॅन्स सक्तीचं केलं. तिथे ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब, तरी 2018 पासून डोक्यावर सात किलोंचं टायटॅनियमचं हेलो, म्हणजे ड्रायव्हरचं डोकं वाचवणारं कडं, आलं. म्हणजे एक काढलं, त्याबदली पाच घातली. मेसेजमध्ये फक्त काढायची यादी आहे.

अर्धी भर घातली तरी भागत नाही. 1970 साली इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर योखेन रिंट मेला. गाडी लोटसची, त्या काळी हलकेपणासाठीच नावाजलेली. पुढच्या ब्रेकचा पोकळ शाफ्ट तुटला. हार्नेस होता, पण मांड्यांमधले पट्टे त्याने लावले नव्हते. आग लागली तर अडकू, ही भीती. धडकेत तो खाली सरकला आणि बकल गळ्याशी आलं. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. आमच्याकडची पोरं ऑनलाइन मागवतात तो चारपट्टी हार्नेसही मूळ सीटवर लावला की कमरेचा पट्टा पोटावर चढतो.

दारांतल्या बीमबद्दल, म्हणजे बाजूने धडक बसली तर दार आत घुसू न देणाऱ्या पोलादी दांड्याबद्दल, तर वाद घालण्यातही अर्थ नाही. पुढे डिकीएवढं बॉनेट आहे चुरगळायला. बाजूला तुमची बरगडी आणि दार यांत वीतभर जागा. केजचे आडवे पाईप दारात आल्याशिवाय बीमला हात लावायचा नाही.

आणि केज म्हणजे काय? एकाने दाखवला. ‘काका, गेटाक लावतत तोच पाईप आसा, एकदम मजबूत!’ गेटचा पाईप शिवणीचा असतो. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात केजच्या मुख्य कमानीला बिनजोड, थंड ओढलेलं पोलाद लागतं: 45 मिलिमीटर व्यास आणि अडीचची जाडी, किंवा 50 आणि दोनची. केजच्या पायाखाली तीन मिलिमीटर जाड, किमान 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी. ही पट्टी बसणार कशावर? आपल्या पत्र्यावर! इथे कोकणाचा प्रश्न येतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या दहा वर्षं जुन्या गाडीचा गालिचा उचला आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, भिजलेला गालिचा. वरून रंग शाबूत, आतून पापड. त्यात वजनासाठी डांबरी शीट खरवडून काढायची आणि पत्रा उघडा ठेवायचा. ती शीट आवाज अडवायला असते, पण खरवडताना तिच्याखालचा रंगही जातो. पत्र्याला भोकं पाडणारे तर गंजाला दारच उघडून देतात. असल्या पत्र्यावर जोडलेला केज उलटलेल्या गाडीत तळाच्या पत्र्यातून आरपार जाईल. शिवाय हाच केज घेऊन बिनहेल्मेटचे बाजारात जाल, तर डोक्याशेजारी पोलादी पाईप आहे हे लक्षात ठेवा.

एसीचं म्हणाल तर काढा, पण जुलैत काचेवरचं धुकं फडक्याने पुसत आंबोली घाट चढून दाखवा. एसी हवेतली ओल काढतो म्हणून काच साफ राहते.

कायद्याचं एका वाक्यात: नोंदणी झालेल्या गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही. तेव्हा ट्रॅकची गाडी ट्रेलरवरून न्यायची.

गेटवाल्या पाईपच्या पोराची गाडी शेवटी आम्ही नीट केली. आधी कुजलेला पत्रा कापून नवा लावला, मग केज, सीट, सहापट्टी हार्नेस, आग विझवायची बाटली. काढाकाढ सगळ्यात शेवटी. चिरेखाणीच्या वजनकाट्यावर नेली. सत्तर किलो गेले होते, पंचेचाळीस परत आले होते. ‘पंचवीसच?’ म्हणून पोरगा हिरमुसला. उरलेल्या पैशांचे टायर आणि ब्रेक पॅड आणायला त्याला कोल्हापूरला पाठवलंय. दारांतले बीम आहेत तिथेच आहेत, आणि ग्राइंडर सध्या कुलपात.