गालीलचे कोळी आणि त्यांचा धंदा: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. येशूच्या काळातले गालीलच्या सरोवरावरील कोळी करांच्या भाराखाली अन्नाला मोताद होते आणि मी माझ्या लेखात त्यांच्यावर ‘मालक’, ‘भागीदार’ असे आजचे शब्द लादले, हा आपला आक्षेप आहे. तो मला मान्य नाही.

बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात याकोब व योहान हे कोळी भाऊ जाळी नीट करत असतात आणि वडिलांना, म्हणजे जब्दीला, चाकरांसह तारवात सोडून येशूमागे निघतात. मजुरीवर माणसे ठेवणाऱ्याला मोताद कसे म्हणावे? दुसरा शुभवर्तमानकार लूक तर या दोघांना शिमोनाचे (म्हणजे पेत्राचे) भागीदारच म्हणतो. खुद्द कामाचे स्वरूपही एकट्यादुकट्याला पेलणारे नव्हते. ओढजाळे आपल्या कोकणातल्या रापणीसारखे दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे ओढावे लागे आणि मग खवले व पर नसलेले मासे, जे बायबलमधील लेवीय या पुस्तकातल्या यहुदी नियमाप्रमाणे निषिद्ध, ते वेचून टाकावे लागत. अळशीच्या (लिननच्या) धाग्याची जाळी रात्रभर पाण्यात राहिली की सकाळी धुऊन वाळवावी लागत, नाहीतर ती कुजत. सरोवराकाठच्या मग्दलासारख्या गावात मासळी खारवून दूरवर पाठवली जाई. त्या गावाचे ग्रीक नावच खारवण्याच्या उद्योगावरून पडले होते.

तरीही आपण म्हणता ती ओढगस्त खरी होती, आणि तिचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या प्रतिक्रियेत आलेला नाही, याचे मला नवल वाटते. 1986 मध्ये दुष्काळाने सरोवराचे पाणी ओसरल्यावर काठावरच्या गिनोसारजवळ चिखलात सुमारे 8 मीटर लांबीचे, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे तारू सापडले. त्यात देवदार आणि ओक यांच्याबरोबर इतर अनेक जातींची लाकडे आहेत, काही फळ्या तर जुन्या तारवांतून काढून पुन्हा वापरलेल्या. डागडुजीच्याही पलीकडे गेल्यावर कोणीतरी त्याचे कामाचे भाग काढून घेतले आणि उरलेला सांगाडा तिथेच सोडून दिला. पै-पै जपणाऱ्या माणसांचे हे तारू आहे. पण ते बांधायला आणि वर्षानुवर्षे चालते ठेवायला भांडवल आणि कसबी सुतार दोन्ही लागले असणार.

करांबाबत आपले म्हणणे मी स्वीकारतो. सरोवराकाठच्या कफर्णहूम गावी लेवी नावाचा जकातदार जकातनाक्यावर बसलेला असे, तेव्हा धंद्यावर करांचा भार होताच. मात्र ज्यांच्यापाशी काहीच नाही, त्यांच्यासाठी कोणी नाके उभारत नाही.