‘नुसतं बटण दाबतात’ म्हणणाऱ्यांना

विक्रोळीला राहणाऱ्या माझ्या भाच्याला बारावीनंतर साउंड इंजिनिअरिंग करायचंय. भावोजी कसेबसे तयार झाले होते. मग त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला आणि फॉर्म भरायचा राहिला. मी गोरेगावला मिक्सिंगचं काम करतो, म्हणून ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे खरंय का रे?’

मेसेज लांबलचक आहे. सार असं: हेल्मेट घालून फिरणारे ते दोन फ्रेंच डीजे, म्हणजे डाफ्ट पंक, यांनी अठ्ठावीस वर्षं जगाला फसवलं. त्यांना ‘सा’ कशाला म्हणतात ते ठाऊक नाही, स्टेजवर नुसतं बटण दाबतात, गाणी सगळी चोरीची, हेल्मेटच्या आत भाड्याची माणसं आणि भांडं फुटल्यावर 2021 मध्ये दुकान गुंडाळून मोकळे. वर विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींचा राग यांच्यावर काढलाय आणि शेवटी, ‘पालकांनो, मुलांना या नादापासून वाचवा.’

भाच्याचं वर्ष या मेसेजमुळे अडलंय, म्हणून उत्तर लिहितोय.

बटणापासून सुरुवात करू, कारण भावोजींना पटला तो हाच मुद्दा. मेसेजमध्ये पुरावा म्हणून डेडमाउस या नावाजलेल्या डीजेचं वाक्य दिलंय, की आम्ही सगळे ‘प्ले’ दाबतो. हे त्याने 2012 मध्ये खरंच लिहिलं होतं. मोठ्या शोमध्ये लाइट, व्हिडिओ आणि संगीत एकमेकांना बांधलेलं असतं, त्यामुळे बरंचसं आधी ठरलेलं असतं. एवढं मला मान्य आहे. पण त्याच लिखाणात तो पुढे म्हणतो की त्याचं आणि इतर निर्मात्यांचं खरं कसब दिसतं ते स्टुडिओत. मेसेज बनवणाऱ्याने हा भाग कापला. जो भाग कापला, तेच काम माझ्या भाच्याला शिकायचंय.

आता स्टुडिओत काय चालतं ते पाहा. 2013 च्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’बद्दल ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकात त्यांच्या रेकॉर्डिंग इंजिनिअर्सची सविस्तर माहिती आली होती. आमच्या धंद्यात हे मासिक लोक जपून ठेवतात. ज्यांच्यावर नुसतं कॉम्प्युटरवर काम उरकल्याचा आरोप आहे, त्यांनी त्या अल्बमसाठी ड्रम्सवर ओमर हकीम आणि जे. आर. रॉबिन्सन, बेसवर नेथन ईस्ट, गिटारवर नाइल रॉजर्स आणि पॉल जॅक्सन ज्युनिअर असे कसलेले वादक बसवले. तेच वादन एकाच वेळी जुन्या पद्धतीच्या टेपवर आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं आणि मग कानांनी ताडून पाहिलं.

याच अल्बममधल्या एका गाण्यात जॉर्जिओ मोरोडर हा इटालियन संगीतकार आपल्या आयुष्याबद्दल बोलतो. मोरोडरनेच पुढे मुलाखतीत सांगितलंय की बोलायला गेला तेव्हा त्याच्यासमोर वेगवेगळ्या काळांतले माइक मांडून ठेवले होते. आयुष्याच्या ज्या काळाबद्दल तो बोलेल, त्या काळाचा माइक वापरायचा. हा फरक कुणाला कळणार, असं त्याने विचारल्यावर इंजिनिअरचं उत्तर होतं की तोमाला कळेल. तोमा म्हणजे तोमा बांगाल्तेर, त्या दोघांतला एक. दुसरा गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्टो.

आमच्या रोजच्या कामात किकचा (मोठ्या ड्रमचा) ठोका आणि बेस गिटारचा खर्ज एकाच पट्ट्यात, साधारण 50 ते 100 हर्ट्झच्या आसपास, एकमेकांवर चढतात. हेडफोनवर छान वाटतं आणि मोठ्या स्पीकरवर नुसता गढूळ घरघराट ऐकू येतो. मग बेसमधून थोडं कापायचं, ठोका पडला की बेस क्षणभर दबेल असं लावायचं, पुन्हा ऐकायचं, पुन्हा कापायचं. या एका गोष्टीत माझी आख्खी दुपार जाते. भाचा रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून हेच करत बसतो, कारण दोन खोल्यांच्या घरात दुसरी वेळ मिळत नाही. डाफ्ट पंकचा 1997 चा पहिला अल्बमही बराचसा तोमाच्या घरी, झोपायच्या खोलीतच झाला होता. ‘कॉम्प्युटर आपोआप करतो’ असं म्हणणाऱ्याने या कामाला एक रात्र बसून दाखवावं.

आता चोरी. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. 2001 च्या ‘डिस्कव्हरी’ अल्बममध्ये जुन्या गाण्यांचे तुकडे उचलून, कापून, उलटसुलट लावून नवी गाणी केली आहेत. याला सॅम्पलिंग म्हणतात आणि मूळ हक्कदाराची परवानगी घेऊन, नाव आणि पैसे देऊन केलं तर त्यात काही गैर नाही. एडविन बर्डसाँग या संगीतकाराच्या गाण्याचा तुकडा त्यांनी घेतला, तेव्हा श्रेयात त्याचं नाव दिलं. पण ‘वन मोअर टाइम’ हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं एडी जॉन्स या गायकाच्या 1979 च्या गाण्यावर उभं आहे आणि अल्बमवर त्याचं नाव नव्हतं. 2021 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने छापलं की तो हलाखीत जगतोय आणि त्याला या गाण्याचा पैसा मिळालेला नाही. डाफ्ट पंककडून रॉयल्टी मूळ रेकॉर्डिंगचे हक्क असलेल्या कंपनीकडे जात होती, तिथून पुढे त्याच्यापर्यंत पोचली नाही. माझ्या मते त्या दोघांनी एवढं मोठं गाणं झाल्यावर स्वतः त्याला शोधायला हवं होतं. हा डाग त्यांच्यावर आहे.

म्हणून ‘सगळी गाणी चोरीची’? अजिबात नाही. आणि चोरीची एवढी चीड असेल तर आपल्या मुंबईच्या स्टुडिओंकडेही बघा. ज्या ‘जिमी जिमी’वर आपल्याकडे दोन पिढ्या लग्नात नाचल्या, त्याची चाल ओटावान या फ्रेंच गटाच्या ‘ते ओके’वर बेतलेली आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, वेगळं सांगायला नको. त्या फ्रेंच गाण्याचे एक कर्ते डॅनिएल व्हँगार्ड, म्हणजे याच तोमाचे वडील. तेव्हा चोर कोण, हे मेसेज पुढे ढकलण्याआधी जरा तपासा.

भाड्याच्या माणसांचा मुद्दा निव्वळ मूर्खपणाचा आहे. हेल्मेट साधारण 2001 पासून आली. त्याआधीचे दोघांचे उघड्या चेहऱ्याचे फोटो कुणालाही सापडतील.

मिरवणुकीतल्या आवाजाबद्दल मात्र माझं भांडण नाही. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा सर्वसाधारण नियम आहे आणि ते किती पाळलं जातं ते आपण दरवर्षी भोगतो. लहान मुलं आणि आजारी माणसं यांचे हाल होतात. पण त्यासाठी मंडळाला, स्पीकर भाड्याने देणाऱ्याला आणि पोलीस चौकीला जाब विचारा. त्याचा पॅरिसच्या दोघांशी काय संबंध? उलट साउंड नीट शिकलेल्या माणसाला डेसिबल म्हणजे काय ते कळतं. किती आवाजापासून कानाला इजा होते हे आम्हाला पहिल्यांदा शिकवतात.

राहिलं ‘सा ठाऊक नाही’ आणि ‘भांडं फुटल्यावर दुकान गुंडाळलं’. दोघांनी 22 फेब्रुवारी 2021 ला एक व्हिडिओ टाकून गट संपवला, हे खरं. काही उघडकीला आलं म्हणून संपवला, याला कसलाही आधार नाही. 2014 च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरलेली ही जोडी, अठ्ठावीस वर्षांत मोजून चार स्टुडिओ अल्बम काढणारी. घाईने माल खपवणाऱ्यांची ही रीत नसते. आणि ‘सा’चं म्हणाल तर तोमा लहानपणी पियानो शिकला होता. 2010 मध्ये ‘ट्रॉन: लेगसी’ या सिनेमासाठी दोघांनी 85 वादकांच्या ऑर्केस्ट्राचं संगीत केलं. गट संपल्यावर 2022 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला ‘मिथॉलॉजीज’ नावाचा बॅले रंगमंचावर आला. त्याचं दीड तासाचं संगीत तोमाने एकट्याने लिहिलं, ऑर्केस्ट्रासाठी, स्वरलिपी मांडून. त्यात ना सिंथसायझर आहे, ना ड्रम मशीन, ना हेल्मेट.