मालक सोडून सगळे भेटले

शेजारच्या बंद बंगल्याची कंपाउंडची भिंत आमच्या पार्किंगकडे कलायला लागली, तेव्हा ठरवलं की मालकाला गाठायचं. नाव काढायचं, फोन लावायचा, संपलं. असं वाटलं खरं.

घरपट्टीवर एक नाव निघालं, लाइटबिलावर दुसरंच. घरपट्टीवाल्याला विचारलं तर म्हणे, साहेब हे बिल ज्याच्या नावानं जातं त्याचं नाव, मालकीचा पुरावा नाही. मग पुरावा कुठाय? तो आमच्याकडे नसतो.

मग सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या 15 रुपयात मिळतो, फक्त गट नंबर माहीत पाहिजे, आणि तो ज्याला माहीत असेल तो हे बाकीचे उद्योग कशाला करेल! कसाबसा मिळवला. तर त्यात अख्खं खानदान, इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि एका नावापुढे अ.पा.क., म्हणजे हा वयानं अज्ञान, त्याचा पालनकर्ता अमुक अमुक. गल्लीतल्या आजोबांना विचारलं तर त्या अज्ञान बाळाला आता नातवंडं आहेत.

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) म्हणाले हा भाग सिटी सर्व्हेत (शहरी जमिनीच्या मोजणीत) गेलाय, प्रॉपर्टी कार्ड बघा, म्हणजे शहरातला सातबाराच. तिथले म्हणाले आधी सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेतला जागेचा नंबर आणा. तोही आणला, कार्ड निघालं, कार्डावरचे गृहस्थ कधीचेच वारलेले आणि वारसनोंद नाही. मेलेल्या माणसाला भिंतीबद्दल काय विचारणार?

शेवटी रजिस्ट्रेशनच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधत बसलो. वर्ष टाका, नंबर टाका, कॅप्चा टाका, कॅप्चा चुकला, परत वर्ष टाका. आणि अचानक एक खरेदीखत सापडलं, ज्यातला खरेदीदार आत्तापर्यंत एकाही कागदावर नव्हता! बंगला रीतसर विकत घेतलेला, आणि गड्यानं नंतर नाव लावायला फेरफारच केलेला नाही.

वकील मित्र हसायला लागला. म्हणे आपल्याकडे 1908 च्या कायद्यानं दस्त नोंदवतात, मालकी नाही, आणि 1966 च्या महसूल कायद्यानं सातबाऱ्याची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. म्हणूनच आम्ही जुन्या दस्तांचे 30-30 वर्षांचे सर्च घेतो आणि त्याची फी लावतो. फीबद्दल बोलताना तो फारच प्रसन्न दिसत होता.

खरेदीदारही आता हयात नाहीत, पण त्यांच्या पुतण्याचा नंबर मिळाला. भिंतीचं सांगितलं, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुमच्याकडे आमच्या बंगल्याचे सगळे कागद आहेत का हो? एक झेरॉक्स सेट द्या ना, आम्ही कधीपासून शोधतोय."