बिनतारी तारांबळ

बिनतारी माइकला तार नसते, ही अफवा आहे. खोक्यांतून निघालेला ऐवज असा: तीन हँड माइक, त्यांच्या लहरी पकडणारे तीन रिसीव्हर, तीन अडॅप्टर, मिक्सरपर्यंत (स्वयंपाकघरातला नव्हे, आवाज एकत्र करणारा) जाणाऱ्या तीन केबल आणि अडॅप्टर एकमेकांना ढकलत बसतात तो एक्स्टेन्शन बोर्ड. पूर्वी तार बोलणाऱ्याच्या पायात यायची. आता ती माझ्या पायात येते, एवढीच काय ती प्रगती.

सभागृहात हे माइक लावायचं काम माझ्याकडे लायकीमुळे आलं नाही. ‘तुला यातलं कळतं ना?’ या प्रश्नाला मी एकदा ‘थोडंफार’ म्हणालो होतो.

रिसीव्हरला दोन अँटेना असतात. एक मोडली तर दुसरी हाताशी असावी, असा माझा कित्येक दिवसांचा समज होता. प्रकरण वेगळंच आहे. माइकमधून निघालेली लहर थेट येते, तशीच भिंतींवर आपटूनही येते, आणि एखाद्या नेमक्या जागी या दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. आवाज गडप. म्हणून दोन अँटेना, जरा अंतर ठेवून. जिला बरं ऐकू येतंय तिचं रिसीव्हर ऐकतो. त्या विजयाची दोन बोटं दाखवावीत तशा फाकवायच्या असतात. मी दोन्ही ताठ, समांतर उभ्या केल्या होत्या, कारण तसं नीटनेटकं दिसतं.

या नीटनेटकेपणानेच पुढे माझा घात केला.

रिसीव्हरला ‘स्कॅन’ करायला सांगितलं की तो हवेतली मोकळी जागा शोधून देतो. त्याआधी आपले माइक बंद करायचे असतात. मी ते चालू ठेवल्यामुळे त्याने माझ्याच माइकना घुसखोर ठरवलं आणि त्यांना टाळून जागा शोधली. वैतागून मी फ्रीक्वेन्सी हातानेच लावल्या: ६००.०, ६००.५ आणि ६०१.० मेगाहर्ट्झ. वहीत रेघा माराव्यात तशा सारख्या अंतरावर. एकेकटा माइक उत्तम चालला. तिन्ही एकदम लावले तर तिसऱ्यातून फोडणीत मोहरी पडल्यासारखी तडतड.

कारण ऐकून मी हबकलो. दोन माइक जवळजवळ असले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून नव्या, कुणी न मागितलेल्या लहरी जन्माला येतात. दुसऱ्याची दुप्पट घ्या आणि त्यातून पहिला वजा करा. १२०१ वजा ६०० म्हणजे ६०१. बरोब्बर माझ्या तिसऱ्या माइकच्या डोक्यावर! गणित चुकलं असतं तर निभावलं असतं. यात अंतरं मुद्दाम वेडीवाकडी ठेवायची असतात. आयुष्यभर जे अंगी बाणवलं, ते इथे दोष ठरलं.

मग मागचं ते बारीक बटण. एकीकडे ‘माइक’, दुसरीकडे ‘लाइन’, आणि सरकवायला नख हवं. ते ‘लाइन’वर होतं, म्हणजे सिग्नल दांडगा, आणि केबल मिक्सरच्या माइकच्या जागी, जिला नाजूक सिग्नलच झेपतो. ‘हॅलो’ म्हटलं तर स्पीकरमधून फाटलेला पत्रा वाजला. त्यावर मी अर्धा तास सेल बदलत होतो. (माइक टेस्ट करताना सगळे एक-दोन-तीनवरच का थांबतात, हे मला अजून उमगलेलं नाही. चारपासून पुढे बिघाड नसतो की काय?)

रिकाम्या सभागृहात अखेर सगळं सुरळीत झालं. रिसीव्हर दिसायला नकोत म्हणून मी ते टेबलाखाली, पडद्याआड, रांगेत मांडले. लोक आले, बसले, आणि सिग्नलच्या पाच दिव्यांपैकी दोनच उरले. माणूस म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी, आणि या लहरी पाण्यात जिरतात. सगळं सभागृह माझ्या लहरी पीत बसलं होतं. रांगत जाऊन मी रिसीव्हर बाहेर काढले आणि सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच, स्टँडवर, अत्यंत ओंगळ दिसतील असे चढवले. पाचही दिवे लागले.

मग वक्ते उभे राहिले. त्यांनी माइक अगदी बुडाशी, मुठीत आवळून धरला. हँड माइकची अँटेना बहुधा तिथेच, बुडात असते. पाचाचे तीन दिवे, तीनाचा एक. मी मागून हात वर करून खुणावलं, मूठ वर घ्या, वर! त्यांना वाटलं, कुणीतरी ओळखीचं हात करतंय. ते प्रसन्न हसले, माइक सैलसा दोन बोटांत धरून तोच हात डोक्यावर उंच नेला, आणि तसाच हलवत बोलत राहिले.

पाचही दिवे लख्ख पेटले होते. तडतड नाही, खरखर नाही, शब्दही नाही.