मुनव्वर फारुकी आणि तुरुंगाची ‘फुकट प्रसिद्धी’

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतलं म्हणणं असं, की मुनव्वर फारुकी या स्टँड-अप विनोदवीराला तुरुंगानेच मोठं केलं, एरवी त्याला कुणी विचारलं नसतं. आणि कोकणी माणसाला शिवी देणाऱ्याची बाजू मी घेऊ नये.

आधी शिवीचं. ऑगस्ट 2024 मधलं ते वाक्य मलाही लागलं. प्रेक्षकांशी गप्पा मारता मारता अख्ख्या समाजाला शिवी हासडायची, याला मी विनोद म्हणणार नाही. लोक चिडले, त्याला माफीचा व्हिडिओ टाकावा लागला. विनोद चुकला तर एवढंच व्हावं, असं माझं मत आहे.

इंदूरला तसं झालं नाही. 1 जानेवारी 2021 ला मन्रो कॅफेत कार्यक्रम रंगायच्या आतच काही लोक मंचावर आले. राग होता जुन्या व्हिडिओतल्या विनोदांचा. त्या दिवशी त्याने देवदेवतांचा अपमान केल्याचा व्हिडिओ पुरावा नाही, हे पोलिसांनीच पत्रकारांना सांगितलं. तरी तो आत गेला. 28 जानेवारीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, 5 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. आदेश निघाल्यावरही बाहेर यायला दुसऱ्या दिवशीची रात्र झाली.

आणि सुटल्यावर? नोव्हेंबर 2021 मध्ये बेंगळुरूच्या कार्यक्रमाची सहाशेवर तिकिटं गेली होती. पोलिसांच्या पत्रामुळे तोही रद्द. दोन महिन्यांत 12 कार्यक्रम रद्द झाले, आता बस झालं, असं त्याने तेव्हा लिहिलं होतं. ऑगस्ट 2022 मध्ये हैदराबादला मोठ्या पोलीस बंदोबस्तात प्रयोग झाला, त्याच महिन्यात दिल्लीत परवानगी मिळाली नाही. ‘लॉक अप’ आणि ‘बिग बॉस 17’ त्याने जिंकले, खरंय. पण ते टीव्हीचे आणि ओटीटीचे खेळ. त्याचं मूळ काम माइक घेऊन तिकीट काढलेल्या माणसांसमोर उभं राहण्याचं, आणि तेच तेव्हा अडवलं जात होतं.

एक नाव तुमच्या प्रतिक्रियेत आलंच नाही. नलिन यादव. त्याच संध्याकाळी, त्याच प्रकरणात तोही पकडला गेला. तोही विनोदवीरच. त्याला जामीन फेब्रुवारीच्या अखेरीस मिळाला, म्हणजे तो मुनव्वरपेक्षा जास्त दिवस आत होता. पुढे कार्यक्रम मिळेनात, मजुरी करायची वेळ आली, असं त्याने पत्रकारांना सांगितलं. तुरुंगामुळे नशीब उघडतं असं तुम्ही म्हणता, तर नलिनचं का उघडलं नाही, हे मला खरोखर तुमच्याकडून ऐकायचं आहे.